मुलूखगिरीचा नमुना पाठ

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी निरुपमा कारखानीस स्वयंपाकघरातल्या फ्रिजला अठरावे शतक शिकवत होती. फ्रिजच्या दारावर तिने गुंडाळीचा हिरवा फळा चिकटवला होता. उजव्या हातात खडू होता, डाव्या हातात उलथणे. शेगडीवर नवऱ्याच्या डब्याच्या पोळ्या होत्या. ती गुजरातीत बोलत होती आणि प्रत्येक वाक्यानंतर ओट्यावरच्या डब्यांकडे बघत होती. आधी डावीकडच्या, मग उजवीकडच्या, मग मागे भिंतीला टेकलेल्या. वर्गात नजर शेवटच्या बाकापर्यंत गेली पाहिजे, असे तिला बी.एड.ला शिकवले होते. ते शिकून नऊ वर्षे झाली होती.

तिची तेरा वर्षांची मुलगी इरा दात घासत दारात येऊन उभी राहिली. थोडा वेळ ऐकून म्हणाली, "आई, पिठाच्या डब्याला समजलं. पुढे चल, पोळी करपतेय."

निरुपमाने पोळी उलटली आणि पाठ पहिल्यापासून सुरू केला.

त्या दिवशी अकरा वाजता बडोद्याच्या वाघोडिया रस्त्यावरच्या एका स्वनिर्भर, म्हणजे विनाअनुदानित, शाळेत तिला नमुना पाठ द्यायचा होता. आठवीचा वर्ग, माध्यम गुजराती, विषय सामाजिक विज्ञान, घटक अठराव्या शतकातल्या राजसत्ता. जागा एक, उमेदवार पाच. जागा कायम होती. निरुपमा अडतीस वर्षांची होती आणि ही तिची शेवटची खेप होती. तसे तिने स्वतःच ठरवले होते आणि नवऱ्याला, उत्कर्षला, सांगितलेही होते. या खेपेला जमले नाही तर तयारी थांबवायची. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या सुभानरावांचे लहरीपुऱ्यात पडद्यांच्या आणि चादरींच्या कापडाचे दुकान होते. त्यांना बिलिंगच्या कॉम्प्युटरवर बसायला माणूस हवा होता. मराठी, गुजराती, हिंदी तिन्ही नीट बोलणारी बाई मिळाली तर त्यांना सोयीचे होणार होते. जूनच्या मध्यापर्यंत आपण वाट बघू, असे ते म्हणाले होते. उत्कर्ष शहराबाहेरच्या एका रसायन कारखान्यात तंत्रज्ञ होता आणि त्याची शिफ्ट सातला सुरू होई. निरुपमाचा निर्णय ऐकून त्याने एवढेच विचारले होते की नंतर मनाला लावून घेत बसणार नाहीस ना. 

नऊ वर्षांचा हिशेब सरळ होता. इरा चार वर्षांची असताना निरुपमाने बी.एड. केले. मग शिक्षक पात्रता परीक्षा दिली, ती पास झाली. माध्यमिकची दुसरी परीक्षा दिली, तीही पास झाली. पास होणे म्हणजे नोकरी नव्हे, भरती निघावी लागते. भरती निघाली तेव्हा तिच्या विषयाच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि यादी तिच्या वरच संपली. दोन वर्षे ती अकरा महिन्यांच्या करारावर डभोईच्या शाळेत जात होती. पहाटेची बस, परतीला उभ्याने. तिसऱ्या वर्षी त्या जागेवर दुसरे नाव आले. मग तासिकेप्रमाणे काम, मग शिकवण्या, मग पुन्हा परीक्षा. सरकारी भरतीची वयोमर्यादा ओलांडली त्या दिवशी तिने कोणाला काही सांगितले नाही. नातेवाइकांच्या लग्नात बायका विचारत, "अजून तयारीच चाललीय का?" आणि ती हो म्हणत असे. एक आतेबहीण तर तिला "परमनंट विद्यार्थिनी" म्हणे, तेही प्रेमाने.

तिला शिकवता येत होते. याबद्दल तिच्यासह कोणाला शंका नव्हती. डभोईच्या शाळेतल्या मुली अजून तिला मोबाइलवर निकाल कळवत.

साडेआठला ती आवरून माडी उतरली आणि तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत वडिलांकडे गेली. दत्तात्रेय पोतनीस शहात्तर वर्षांचे होते. बायको गेल्यापासून ते मुलीकडे राहत. त्यांनी पस्तीस वर्षे एका ग्रंथालयात नोकरी केली होती. घरात त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांनी तिच्यासाठी एक वस्तू जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून तयार ठेवली होती. पितळी कलमदान. हातभर लांब नळी आणि एका टोकाला जोडलेली शाईची दौत.

पोतनिसांच्या घरात दसऱ्याला इतरांकडे शस्त्रांची होते तशी या कलमदानाची पूजा होते. ते ज्याचे, त्या पूर्वजाला घरात मूळपुरुष म्हणतात. गायकवाडांची फौज दर वर्षी काठेवाडात खंडणी वसूल करायला जायची, त्या मुलूखगिरीत तो कारकून होता. कोणत्या गावाने किती भरले ते लिहायचे, हे त्याचे काम. त्याने वसुलीतला एक रुपया स्वतःकडे ठेवला नाही, असे घरात सांगतात. कलमदानाला झेंडूचे फूल वाहून झाले की अण्णा दर दसऱ्याला ही हकिगत सांगत आणि निरुपमा ती लहानपणापासून ऐकत आली होती.

पाठात स्थानिक उदाहरण घ्या, हाताळता येईल अशी वस्तू न्या, असे प्रत्येक मार्गदर्शन वर्गात सांगतात. कलमदान नेण्याची कल्पना मात्र अण्णांची होती.

"पोरांच्या हातात देऊ नकोस," ते म्हणाले. "देशील तर दौतीकडून धरायला सांग. नळी निसटते."

"हो अण्णा."

"आणि गोष्ट सांग. सनावळ्या कोणीही सांगतं."

ॲक्टिवाच्या डिकीत कलमदान मावेना. तिने ते पिशवीत घालून पायाशी उभे ठेवले आणि शाळेपर्यंत गुडघ्यांनी दाबून धरले.

शाळेत मागच्या बाकावर तिघे बसले होते. मुख्याध्यापिका इंदुबेन, विषयाचे एक निवृत्त शिक्षक आणि संस्थेचे विश्वस्त मनहरभाई. मनहरभाई सत्तरीचे, पांढऱ्या सफारीतले, काठेवाडातल्या अमरेलीकडचे. चाळीस वर्षांपूर्वी ते बडोद्यात येऊन स्थिरावले होते. निरुपमाने पाठाआधी त्यांना नमस्कार केला तेव्हा त्यांनी उठून नमस्कार घेतला होता. ते तिला बरे वाटले होते.

पाठ चांगला झाला. इंदुबेननी नंतर तसे सांगितले, आणि निरुपमालाही ते वर्गात असतानाच कळत होते. फळा डावीकडून उजवीकडे भरत गेला. नकाशात बडोदे, मग काठेवाड, मधली वाट. पंखा कुरकुरत होता, तरी मुले पुढे झुकून ऐकत होती. पंचविसाव्या मिनिटाला तिने पिशवीतून कलमदान काढले तेव्हा मागची मुले उभी राहिली. तिने मूळपुरुषाबद्दल सांगितले. माझ्या घरातला माणूस, म्हणाली. एका मुलीने विचारले की बेन, या नळीत काय ठेवायचे. बोरूच्या लेखण्या, तिने सांगितले. मग दुसरी एक मुलगी, खिडकीजवळची, हात वर करून म्हणाली की गावाकडे पैसे नसले तर फौज काय करायची.

प्रश्न चांगला होता. नमुना पाठात मुलांनी आपणहून प्रश्न विचारला की परीक्षक काहीतरी लिहून घेतात, हे तिला माहीत होते. आणि या प्रश्नाचे उत्तर तिच्याकडे तयार होते. अण्णा दर दसऱ्याला हकिगतीच्या शेवटी ते सांगत, आणि त्या जागी सगळे घर हसे. पैसे नसले तर फौज जावयासारखी गावातच राहायची. पंगतीवर पंगत. सासरा वैतागून पैसे आणून देईपर्यंत जावई काही हलायचा नाही.

तिने ते गुजरातीत सांगितले. वर्ग हसला. खिडकीजवळची मुलगीही हसली. निवृत्त शिक्षकही हसले. मनहरभाई हसले नाहीत. पण ते आधीपासूनच गंभीर बसले होते, त्यामुळे निरुपमाला त्यात काही वेगळे दिसले नाही. तिने उजळणीचे प्रश्न विचारले, गृहपाठ दिला, फळा पुसला.

मुले गेल्यावर मनहरभाई पुढे आले. त्यांनी विचारून कलमदान हातात घेतले. दौतीचे झाकण उघडून आत पाहिले, बंद केले. नळी बोटांनी धरून वजन पाहिले. मग ते टेबलावर ठेवले, ते घरंगळू नये म्हणून शेजारी डस्टर लावला.

"बेन," ते म्हणाले, "ए जमाई अमारा गाममां आव्या'ता."

ते जावई आमच्या गावात आले होते.

निरुपमाला पहिल्यांदा वाटले की ते गंमतीला गंमत जोडताहेत. तिने हसण्यासाठी चेहरा तयारही केला. मग त्यांनी बसून, आवाज न चढवता सांगितले. त्यांच्या गावाच्या वेशीवर दोन पाळिये आहेत. लढून मेलेल्या माणसांचे दगड, वर घोडा आणि स्वार कोरलेला. दोघे सख्खे भाऊ. त्या वर्षी पाऊस नव्हता, गावात द्यायला काही नव्हते. फौज महिनाभर राहिली. बियाण्याचे दाणे संपले, मग बैल गेले. बैल सोडवायला दोघे भाऊ गेले. मनहरभाई त्यांच्यातल्या धाकट्याच्या वंशातले. त्यांच्या घरातला नवरा मुलगा वरातीला निघण्याआधी पाळियाला शेंदूर लावतो. त्यांनी स्वतः लावला होता, त्यांच्या मुलानेही.

"तुम्ही मुद्दाम बोलला नाहीत, हे मला कळतं," ते म्हणाले.

"मला माहीत नव्हतं," निरुपमा म्हणाली.

मनहरभाईंनी मान हलवली. "तमे इतिहास भणावो छो," ते म्हणाले. तुम्ही इतिहास शिकवता. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मग त्यांनी तिच्यासाठी पाणी मागवले आणि पुढच्या उमेदवाराला बोलवायला सांगितले.

दुपारभर ती घरातले काम करत राहिली. संध्याकाळी शिकवणीची मुले आली, तिने त्यांना अपूर्णांक शिकवले. उत्कर्षने विचारले कसा झाला, तर चांगला झाला म्हणाली. ते खरेच होते. जेवणे झाल्यावर तिने नऊ वर्षांची टिपणे ठेवलेले खोके पलंगाखालून ओढले आणि मुलूखगिरीची पाने शोधून वाचली. वसुलीची पद्धत होती, कारणे होती, परिणाम होते. कोण कोणावर स्वारी करून गेले ते होते. भरणारा माणूस त्यात नव्हता. पैसे नसले तर काय, हा प्रश्न एकाही सराव संचात आला नव्हता. तिला तो सुचलाही नव्हता. अडतीस वर्षांत अडतीस वेळा ती गोष्ट ऐकली आणि प्रत्येक वेळी ती कारकुनाच्या बाजूला बसून ऐकली. खिडकीजवळच्या तेरा वर्षांच्या मुलीने तो प्रश्न एका वाक्यात विचारला होता, आणि आपण तिला हसवून गप्प केले.

नोकरी हातची गेली हे तिला त्याच वेळी कळले. तरी ती तीन दिवस फोनची वाट बघत होती. ही सवय नऊ वर्षांची होती.

फोन शुक्रवारी दुपारी आला. इंदुबेन स्वतः बोलत होत्या, कारकुनाकरवी निरोप दिला नव्हता. जागा डभोईच्या एका सव्वीस वर्षांच्या मुलीला दिली होती. तुमचा पाठ पाचांत पहिला होता, हे मी तुम्हाला सांगायला नको, पण सांगते, असे त्या म्हणाल्या.

"ते जावयाचं बोलले म्हणून का?" निरुपमाने विचारले.



"मनहरभाईंनी तुमचे गुण कापले नाहीत, बेन," इंदुबेन म्हणाल्या. "ते एवढंच म्हणाले की आपल्या वर्गात सगळ्या गावांची मुलं असतात. मग आमच्याकडे बोलायला काही राहिलं नाही."

निरुपमाने आभार मानले. इंदुबेन म्हणाल्या की पुढे कुठे जागा निघाली तर कळवीन. हे वाक्य निरुपमाने याआधी वेगवेगळ्या आवाजांत ऐकले होते. या वेळी ते मनापासून होते, एवढाच फरक.

रागावायला कोणी नव्हते. याआधीच्या प्रत्येक वेळी कोणी ना कोणी होते. वशिल्याचा उमेदवार, उशिरा निघालेली जाहिरात, चुकलेली उत्तरसूची, एकदा तर फक्त वीज गेली होती. त्या सगळ्यांना नावे ठेवत ती पुढच्या खेपेला उभी राहत आली होती. या वेळी ज्याने तिला नाकारले त्याचे म्हणणे तिला पटत होते. उत्कर्षला तिने सगळे सांगितले. तो म्हणाला, पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेत हा भाग गाळ. ती म्हणाली, गाळायचा प्रश्न नाही. मग कशाचा प्रश्न आहे, हे तिला नीट सांगता आले नाही. ती म्हणाली की मला वाटायचे बाकी काही नसले तरी विषय माझ्याकडे आहे. उत्कर्षने तिच्या ताटात भात वाढला. ती जेवली.

अण्णांना सांगणे राहिले होते. ते तिने शनिवारी संध्याकाळपर्यंत टाळले. चहा घेऊन खाली गेली तेव्हा ते आरामखुर्चीत पेपर वाचत होते. कलमदान कपाटावर परत जागच्या जागी होते.

"नाही झालं अण्णा," ती म्हणाली.

त्यांनी पेपर खाली केला. "आधीच ठरलेलं असणार."

"असेल."

"ठरलेलंच असतं. पाठबीठ नुसतं दाखवायला." त्यांनी बशीत चहा ओतला. "साहेबांनी कलमदान पाहिलं?"

"पाहिलं. हातात घेतलं."

"काय म्हणाले?"

निरुपमा खिडकीच्या कठड्याला टेकली. "जड आहे म्हणाले."

"आहेच जड. सगळं पितळ ओतीव आहे." अण्णांना बरे वाटलेले दिसले. "आणि जावयाचं सांगितलंस की नाही?"

"सांगितलं."

"हसली मुलं?"

"हसली."

"हसणारच," अण्णा म्हणाले आणि त्यांनी चहा प्यायला.

 त्यांना पाळियांबद्दल सांगावे असे तिला दोनदा वाटले. सांगितले असते तर त्यांनी ऐकून घेतले असते. ते ग्रंथालयातले माणूस होते, पुरावा मागितला असता आणि मग रात्रभर जागे राहिले असते. येत्या दसऱ्याला त्यांना सत्त्याहत्तरावे लागणार होते. तिने कप उचलला. पुढे ती गोष्ट निघाली की काय करायचे, हे तिने ठरवले नाही.

रविवारी सकाळी तिने शिकवणीच्या मुलांच्या घरी फोन करून वेळ बदलून रात्री आठ केली. दोन मुलांना ती वेळ जमणार नव्हती, त्यांच्या आयांनी दुसरीकडे बघू म्हटले. टिपणांचे खोके तिने रद्दीवाल्याला दिले नाही. ते तिने पलंगाखाली आणखी आत ढकलले, कारण पुढे चादरींचा गठ्ठा ठेवायला जागा हवी होती. सुभानरावांनी नमुने पाहून ठेवायला पाठवलेला गठ्ठा. इराने त्यातली एक चादर उलगडून विचारले, "म्हणजे आता रोज जाणार तू? रविवारी पण?" निरुपमाने सांगितले की रविवारी अर्धा दिवस, आणि तोही दिवाळीच्या आधीच. इराने चादरीची घडी घातली. मग म्हणाली की माझ्या डब्याचे मी बघीन.

संध्याकाळी सुभानराव जिन्यात भेटले. त्यांनी शाळेचे काय झाले हे विचारले नाही. त्यांना कळले असणार. मीटरप्रमाणे दर कसे टाकायचे, उधारीच्या गिऱ्हाइकाला कोणती पावती द्यायची, हे पहिल्या दोन दिवसांत दाखवतो, म्हणाले. "तुम्हाला वेळ लागणार नाही, वहिनी. तुम्ही शिकलेल्या आहात." निरुपमा हो म्हणाली आणि तिने येण्याची वेळ विचारली.

लहरीपुऱ्यातले ते दुकान सोमवारी साडेदहाला उघडते. बिलिंगला बसणाऱ्याने सव्वादहाला यायचे असते.